हवेचा आकडा छापता, मग तो कसा मोजला तेही छापा

मा. संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, गोव्याची हवा समाधानकारक. कधी चार दिवसांनी त्याच्या बरोबर उलटी, गोव्यात हवेचा दर्जा घसरला. दोन्हीच्या खाली एकेक आकडा असतो आणि तो वाचून लोक व्हॉट्सॲपवर भांडत बसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो आकडा कुठं मोजला, कुठल्या यंत्रानं मोजला आणि किती तासांचा आहे हे शेजारी छापलेलं नसेल तर वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, आणि आपल्याकडे तर अजिबातच नाही कारण गोव्याची हवा एकतर दमट, त्यात समुद्राचं मीठ, आणि वर आमच्या डिचोली-सत्तरीकडे खनिजाची लाल धूळ. पत्र लांबलंय पण हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून जरा सवडीनं वाचा ही विनंती.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. वजन करणं, फिल्टर पेपर, डेसिकेटर हे माझं रोजचं. त्यामुळे हवेतली धूळ मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं हे मी हातानं केलेलं आहे.

आधी त्या मोबाईलवाल्या भांडणाचं सांगते. समजा हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कण, दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहेत. आपल्या देशाच्या पद्धतीनं एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, काढला तर येतो १००, म्हणजे 'समाधानकारक' या खान्याचं वरचं टोक. तीच हवा, तेच ६० मायक्रोग्रॅम, अमेरिकन पद्धतीत घातले तर आकडा १५० च्या वर जातो आणि तिथं खाना असतो आरोग्याला घातक. मोबाईलवरची पुष्कळशी ॲप अमेरिकन पद्धत वापरतात. म्हणजे म्हापशाच्या एका माणसाचा फोन लाल दाखवतो आणि पेपरातली बातमी हिरवी असते, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली जी नवी मर्यादा दिली ती २४ तासांना १५ मायक्रोग्रॅम आहे, आपली २००९ ची अजून ६० आहे, म्हणजे चौपट. वर्षाची सरासरी घेतली तर त्यांची ५ आणि आपली ४०. म्हणून मी म्हणते एक्यूआय छापा पण त्याच्या बाजूला मायक्रोग्रॅम पण छापा, तो आकडा तरी एक्यूआयच्या पद्धतीप्रमाणे बदलत नाही.

आता हे मायक्रोग्रॅम येतात कुठून. सगळ्यात भरवशाची पद्धत आजही वजनाचीच आहे. पीएम २.५ चं यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतं, वरच्या तोंडात अशी रचना असते की मोठे कण वळण घेताना बाजूला आपटतात आणि अडकतात, बारीक तेवढे खाली येऊन टेफ्लॉनच्या छोट्या गोल फिल्टरवर बसतात. २४ तासांत साधारण २४ घनमीटर हवा जाते. हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील तर दिवसभराची सगळी धूळ मिळून होते १.४४ मिलिग्रॅम. दीड मिलिग्रॅम सुद्धा नाही! आणि ते वजन करायचं म्हणजे कोरा फिल्टर आधी तोलायचा, धूळ बसलेला नंतर तोलायचा आणि वजाबाकी करायची. या वजाबाकीत किती गोष्टी घुसतात ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. बोटाचा ठसा लागला तर वजन बदललं. फिल्टरवर स्टॅटिक चार्ज राहिला तर काटा सरकत राहतो, स्थिर होतच नाही. जुलैमध्ये फिल्टर बाहेरच्या हवेतून आणून थेट तराजूवर ठेवला तर धुळीनं ओढलेलं पाणीच तोललं जातं. म्हणून फिल्टर आधी आणि नंतर दोन्ही वेळा ठराविक तापमानाच्या आणि ठराविक आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवून मगच तोलायचा असा नियम आहे. खोलीचा एसी रात्री बंद पडला, तर तो दिवस गेला समजा. हे काम करणारी जी मुलंमुली आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची असोत की खाजगी लॅबमधली, ती कष्टानं करतात आणि त्यांच्या आकड्याला मी मान देते.

पण अडचण दुसरीकडे आहे. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही हातानं करायची मोजणी आठवड्यातून दोन दिवस होते, वर्षाला किमान १०४ नोंदी. उरलेले साधारण २६० दिवस त्या जागेवर फिल्टर लागतच नाही. वर्षाची सरासरी काढायला हे चालतं, त्यात चूक काही नाही. पण गोव्यात हवा बिघडते ती सरासरीनं बिघडत नाही हो, ती तासांनी बिघडते. नरकासुराची पहाट घ्या. फटाके भरलेला एवढा मोठा पुतळा, गावोगाव, वाड्यावाड्यावर, सगळे पहाटेच्या दोन-तीन तासांत जळतात, आणि ती वेळ अशी की हवा खाली थंड आणि वर गरम, धूर वर जायला वाव नाही, तो जमिनीलगत पसरून राहतो. डिचोलीच्या बाजारपेठेत त्या सकाळी समोरचं घर धुरकट दिसतं. आता हिशोब करून बघा. समजा तीन तास ३०० मायक्रोग्रॅम आणि उरलेले २१ तास २५. सरासरी येते ५९ च्या आसपास. मर्यादा ६०. म्हणजे कागदावर तो दिवस पास. दम्याचं मूल त्या तीन तासांत नेब्युलायझरवर गेलं तरी दिवस पासच. आणि हे पण कधी, तर त्या दिवशी मोजणीचा वार आला तर.

तसंच मार्च २०२३ चे वणवे. म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर आगी लागल्या होत्या, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, सत्तरीतल्या लोकांनी धूर खाल्ला तो कित्येक दिवस. लाकडाचा, पालापाचोळ्याचा धूर म्हणजे जवळजवळ सगळाच एक मायक्रॉनच्या खालचा, छातीत सगळ्यात खोल जाणारा. त्या दिवसांचा तासातासाचा आकडा वाळपईच्या माणसाला त्याच वेळी बघायला मिळायला हवा होता.

अजून एक बारीक गोष्ट जी बातम्यांमध्ये कधी येत नाही. आपल्या या मर्यादा ठरवणाऱ्या २००९ च्या अधिसूचनेत लिहिलंय की २४ तासांची मर्यादा वर्षातले ९८ टक्के वेळ पाळायची, २ टक्के वेळा ओलांडली तर चालेल पण मोजणीच्या लागोपाठच्या दोन दिवशी नको. आठवड्यातून दोनदा मोजणाऱ्या ठिकाणी मोजणीचे लागोपाठचे दोन दिवस म्हणजे सोमवार आणि गुरुवार असू शकतात. मंगळवार-बुधवारी काय झालं ते कोण बघणार?

यावर उपाय म्हणून तासातासाची यंत्रं आहेत. त्यातलं जास्त वापरातलं बीटा किरणांचं. काचेच्या तंतूंची पट्टी टेपसारखी सरकते, तिच्यावर तासभर धूळ बसवतात, पट्टीच्या एका बाजूला किंचित किरणोत्सर्गी पदार्थ असतो, बहुतेकांत कार्बन-१४, आणि दुसऱ्या बाजूला मोजणारा. धूळ जितकी जास्त तितके बीटा कण कमी पार होतात, त्यावरून वजन. हवा आत घेताना थोडी गरम करून कोरडी करतात म्हणजे पाण्याचं वजन येत नाही. चांगलं यंत्र आहे. महाग आहे, एसी खोली लागते, लाईट गेली की खंड पडतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती जाते ते मी सांगायला नको. एक्यूआय काढायला २४ पैकी निदान १६ तासांचा डेटा लागतो, म्हणजे लाईटनं दगा दिला की त्या दिवसाचा आकडाच नाही.

आणि म्हणून आता सगळीकडे छोटे सेन्सर लागायला लागलेत, आणि माझं खरं पत्र इथून सुरू होतं.

आमच्या भागातल्या एका हायस्कुलात कुणीतरी देणगी म्हणून असा सेन्सर बसवून दिलाय, गेटजवळ भिंतीवर, वर एलईडीचा बोर्ड, हिरवा-पिवळा-लाल. मुलांना त्याचं कौतुक आणि मलाही आधी बरंच वाटलं, मुलं हवेबद्दल विचारायला लागली. हायस्कूल रस्त्याला लागून आहे आणि त्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक जातात. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, आता परत सुरू झाल्यात, तसे ट्रकही परत आलेत. मी तिथं उभी राहून बघितलंय. सकाळी सात-साडेसातला धुकं असतं, रस्त्यावर एकही ट्रक नाही, झाडांची पानं ओली, हवा अगदी थंडगार, आणि बोर्ड केशरी. दहा वाजेपर्यंत ऊन वर येतं, धुकं विरतं, बोर्ड हिरवा होतो. आणि मग ट्रकांची रांग सुरू होते, ताडपत्री नीट बांधलेली नसते, चाकाखालची सुकलेली माती उठते, गेटच्या लोखंडी पट्ट्यांवर बोट फिरवलं तर बोट लाल, मुली ओढणी नाकाला लावून रस्ता ओलांडतात. आणि बोर्ड? हिरवाच. एखादा आकडा इकडेतिकडे हलतो एवढंच.

शिक्षकांना वाटलं यंत्र बिघडलं. ज्यांनी बसवलं त्यांना विचारलं तर उत्तर आलं की यंत्र कंपनीतून कॅलिब्रेट होऊन आलंय. यंत्र बिघडलेलं नाहीच. ते त्याच्या कुवतीप्रमाणे बरोबर चाललंय, फक्त ती कुवत काय हे कुणी शाळेला सांगितलं नाही.

या सेन्सरच्या आत एक छोटासा पंखा असतो, एक लेझर आणि एक प्रकाश टिपणारा डायोड. पंखा हवा ओढतो, कण लेझरच्या समोरून गेला की प्रकाश विखुरतो, त्या चमकेवरून यंत्र अंदाज बांधतं की कण किती मोठा असेल, मग तो गोल आहे आणि त्याची घनता अमुक आहे असं धरून वजन काढतं. म्हणजे ते वजन करतच नाही, प्रकाश बघून वजनाचा अंदाज करतं. आता आपल्या हवेत समुद्राच्या मिठाचे कण आहेत. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून द्रव होतं, घरातल्या मिठाच्या बरणीचं पावसाळ्यात काय होतं ते सगळ्या बायकांना ठाऊक आहे, हवेतल्या कणाचंही तेच. ८०-८५ टक्क्यांना त्या कणाचा व्यास कोरड्याच्या जवळपास दुप्पट झालेला असतो. व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. सेन्सरला कण मोठा दिसतो, तो आकडा वाढवतो, आणि वाढलेलं सगळं पाणी असतं. धुक्यात तर विचारूच नका. म्हणून तो सकाळचा केशरी रंग. थंडीच्या सकाळी हवा खरोखरही वाईट असते, जमिनीलगत धूर अडकतो, कचरा जाळतात, चुली पेटतात, त्यामुळे केशरीतला काही भाग खरा आणि काही भाग पाण्याचा, आणि किती कुठला हे त्या बोर्डाकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही.

आणि दुपारची लाल धूळ का दिसत नाही? तर दगड-माती चिरडून, टायरखाली दळून जी धूळ होते ती बहुतेक अडीच मायक्रॉनपेक्षा मोठी असते, पीएम १० मधली (म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची) किंवा त्याच्याही वरची. असे जड कण त्या छोट्या पंख्याच्या ओढीला नीट वळतच नाहीत, तोंडाशीच राहतात किंवा आतल्या वळणावर बसतात. अशा पुष्कळ स्वस्त सेन्सरमध्ये पीएम १० म्हणून जो आकडा दिसतो तो बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो, मोठे कण खरंच मोजलेले नसतात. दिल्लीच्या किंवा कुठल्याही धुराच्या हवेत हा अंदाज थोडाफार चालून जातो कारण तिथं बारीक कणच जास्त. खाणपट्ट्यात तो चालत नाही, आपल्याकडचा त्रासच मोठ्या कणांचा आहे. वास्कोत कोळशाची काळी पूड बाल्कनीत साचते अशी लोकांची वर्षानुवर्षं तक्रार आहे, तीही उडणारी पूड म्हणजे मोठे कणच. अशा ठिकाणी फक्त हा सेन्सर लावून हिरवा दिवा दाखवणं म्हणजे लोकांच्या डोळ्यांना दिसतंय ते खोटं ठरवणं झालं, आणि उद्या ग्रामसभेत कुणी धुळीबद्दल बोललं तर हाच बोर्ड दाखवून त्याला गप्प बसवतील याची मला भीती वाटते.

मी सेन्सरच्या विरोधात नाही हे स्पष्ट सांगते. कचऱ्याची आग, शेजारचा जनरेटर, स्वयंपाकघरातली फोडणी, नरकासुर, हे तो मिनिटामिनिटाला छान दाखवतो. हजारो रुपयांत मिळतो, दहा ठिकाणी लावता येतो. पण लावायच्या आधी तो चांगल्या यंत्राच्या शेजारी ठेवायला पाहिजे, आणि आठवडाभर नाही, एक पावसाळा आणि एक थंडी पूर्ण, म्हणजे आपल्या दमट हवेत तो किती वर दाखवतो, कोरड्या दिवसांत किती खाली, याचं कोष्टक तयार होईल. आर्द्रता मोजणारा साधा सेन्सर सोबत लावून त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करता येतो, हे जगभर करतात. पीएम १० साठी मात्र फिल्टर किंवा बीटासारख्या यंत्राला हा सेन्सर पर्याय नाही, तो आग्रह सोडू नये. आणि यंत्राचं तोंड कुठं आहे हेही बघा. नियमाप्रमाणे ते जमिनीपासून ३ ते १० मीटरवर असतं. दुसरीतल्या पोराचं नाक एक मीटरवर असतं.

आता अजून एक गोष्ट, आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. हे सगळं झालं वजनाचं. पण कण किती आहेत, त्यांची संख्या किती, हे वजनातून कळतच नाही. दहा मायक्रॉनचा एक कण घ्या. त्याच्या वजनाइतकं वजन व्हायला ०.१ मायक्रॉनचे कण लागतात दहा लाख. बरोबर वाचलंत, एकाच्या बदल्यात दहा लाख. डिझेलच्या ताज्या धुरात असतात ते हे कण, त्यांना अतिसूक्ष्म म्हणतात, ते फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात आणि तिथून रक्तातही उतरू शकतात. वजन मात्र त्यांचं जवळजवळ शून्य. एखाद्या बस स्टँडवर असे लाखो कण नाकात जात असतील आणि पीएम २.५ चा आकडा निवांत असेल, असं अगदी होऊ शकतं. लेझर सेन्सरला तर ते दिसतच नाहीत, त्याची नजर साधारण ०.३ मायक्रॉनला संपते, त्याहून लहान कणावरून प्रकाश पुरेसा विखुरत नाही.

मग मोजायचे कसे? युक्ती जुनी आहे आणि फार सुंदर आहे. स्कॉटलंडचे जॉन ऐटकेन यांनी १८८८ च्या सुमारास ती वापरली. त्यांनी ओल्या हवेचा दाब एकदम कमी करून तिला थंड केलं, तसं केल्याबरोबर प्रत्येक कणावर पाणी जमून थेंब झाला, ते थेंब चांदीच्या छोट्या पट्टीवर पडले, पट्टीवर मिलिमीटरचे चौकोन आखलेले, आणि भिंगातून त्यांनी ते एकेक मोजले. डोळ्याला कधीच न दिसणारा कण थेंब झाला की दिसतो! आजचं यंत्र, त्याला सीपीसी म्हणतात, हेच करतं, फक्त पाण्याऐवजी बहुतेक वेळा ब्युटेनॉलची वाफ असते. हवा आधी गरम, वाफेनं भरलेल्या नळीतून जाते, मग थंड नळीतून, वाफ कणांवर जमते, काही नॅनोमीटरचा कण फुगून काही मायक्रॉनचा थेंब होतो आणि लेझर तो मोजतो, दर सेकंदाला. आमच्यासारख्या लॅबवाल्यांना यातलीही गोव्याची अडचण लगेच दिसते, दमट हवेतलं पाणी ब्युटेनॉलमध्ये उतरतं, ते काढत राहावं लागतं नाहीतर हवा आधी सुकवून घ्यावी लागते. पण ती अडचण सोडवता येते.

आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत कणांच्या संख्येचा उल्लेखच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पक्की मर्यादा घातली नाही पण सांगितलं की दर घनसेंटिमीटरला २४ तासांची सरासरी १००० च्या खाली असेल तर कमी समजा, १०,००० च्या वर गेली तर जास्त समजा, आणि एका तासाला २०,००० च्या वर गेली तरी जास्त. स्वच्छ समुद्रावरच्या हवेत काही शेच कण असतात. गोव्यात हे किती छान समजून घेता येईल बघा, दुपारी समुद्रावरून वारा येतो तेव्हा किनाऱ्यावर काय संख्या, रात्री जमिनीकडून वारा सुटतो तेव्हा काय, पणजीच्या कदंब बस स्टँडवर संध्याकाळी सहाला काय, मडगावात काय, बंदराजवळ जहाज लागलेलं असताना काय. नुसती एक सीपीसी आणि एक गाडी मिळाली तरी एका वर्षात याचा नकाशा होईल.

आणि हे जमणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, ताळगावला विद्यापीठ आहे. १९९९ साली इंडोएक्स नावाची मोठी मोहीम झाली, हिंदी महासागर आणि अरबी समुद्रावर थंडीत जो तपकिरी धुरकट थर पसरतो त्याचा अभ्यास, त्यात आपलं सागर कन्या जहाज होतं आणि त्या जहाजावर हवेतले कण मोजले गेले. म्हणजे शेकडो मैल आत समुद्रावरच्या हवेतले कण मोजणारं जहाज आपलं, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्था गोव्यात, आणि डिचोलीतल्या शाळेच्या गेटवर काय उडतंय ते सांगायला भिंतीवरचा एक पंखा. याचं वाईट वाटतं. रागावून नाही लिहीत, पण वाटतं.

पंचायती आणि शाळा यांनाही माझी विनंती आहे. कुणी सेन्सर फुकट देतो म्हणाला तर घ्या, पण घेताना त्याला विचारा की हा हवा मोजणाऱ्या कुठल्या स्टेशनच्या शेजारी किती महिने ठेवून तपासलाय, पावसाळ्यात तपासलाय का, आणि पीएम १० खरंच मोजतो की अंदाज करतो. कागदावर लिहून घ्या. आणि बोर्डाखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहा की रस्त्याची जाड धूळ या यंत्रात नीट येत नाही. त्या हायस्कुलात मुख्याध्यापकांनी ही ओळ लिहायचं मान्य केलंय, नववीची मुलं बोर्ड रंगवणार आहेत. त्याच मुलांना आम्ही अजून एक काम दिलंय, काचेच्या स्लाईडवर पातळ व्हॅसलिन लावून ती गेटवर एक तास ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. ट्रक चालू असतानाची स्लाईड आणि रविवारची स्लाईड. यातून मायक्रोग्रॅम येत नाहीत, अधिकृत काही नाही, पण लाल कणांचे खडबडीत कोपरे मुलांनी स्वतः बघितलेत, आणि ते दिसले की बोर्ड काय दाखवतो आणि काय नाही हा प्रश्न ती आपणहून विचारतात.

संपादक महोदय, तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. पुढच्या वेळी हवेची बातमी आली की तुमच्या प्रतिनिधीला संबंधित ठिकाणी फोन करून पाच गोष्टी विचारायला सांगा, जागा कुठली, यंत्र कुठलं, किती तासांची सरासरी, त्या दिवसातला सगळ्यात वाईट तास कुठला आणि तेव्हा किती होतं, आणि सेन्सर असेल तर त्या वेळची आर्द्रता. बातमीच्या खाली बारीक टाईपमध्ये एक चौकट पुरे. ज्याचं उत्तर मिळालं नाही तिथं 'माहिती दिली नाही' असं छापा. खाणपट्ट्यातल्या आणि वास्कोतल्या बातमीत पीएम १० वेगळा छापा, पीएम २.५ मध्ये मिसळू नका. डिसेंबर जवळ आलाय, बातम्या सुरू होतीलच, तेव्हापासून सुरुवात केलीत तर मार्चपर्यंत आमच्याकडे कात्रणांचा चांगला गठ्ठा होईल आणि तो घेऊन आम्ही ग्रामसभेत बोलू.

आपली,
एक वाचक, डिचोली